पिलांच्या हातात अक्रोड

पिलांच्या हातात अक्रोड होते. तीन पिलं, तीन अक्रोड. पिलांचे डोळे मिटलेले, अंगावर लव नाही, कान डोक्याला चिकटलेले, म्हणजे जन्माला येऊन आठवडाही झालेला नाही. आणि प्रत्येकाच्या पुढच्या दोन पायांत त्याच्या डोक्याएवढा एकेक अक्रोड. आई मात्र होती तशीच होती. कुशीवर पडलेली, एक मागचा पाय वर उचललेला, मान वळवून पिलांकडे बघणारी. फक्त तिचं पोट पांढऱ्या रंगाने सारवून टाकलं होतं, ओल आलेल्या भिंतीवर घाईघाईने चुना फिरवावा तसं. मी पान उचलून खिडकीकडे धरलं. सारवणाखाली काही दिसतंय का ते बघितलं. काही दिसलं नाही. पाठ्यपुस्तकांच्या कचेरीतला तिसरा मजला, संपादकाची खोली, टेबलावर गठ्ठ्यांची भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे संपादक चहाची बशी माझ्याकडे सरकवत होता. माझ्या मुलीपेक्षा चारपाच वर्षांनी लहान असेल. चांगला मुलगा. मला सर म्हणतो, मी खोलीत आलो की उठून उभा राहतो.

"कसं वाटलं, सर?"

"हे काय आहे?"

"खार," तो म्हणाला.

"खार मला ओळखू येते. पिलांच्या हातात काय आहे?"

त्याने वाकून बघितलं. "अक्रोड असावेत. चित्रविभागाने घातलेत. जरा गोड दिसावं म्हणून. म्हणजे आधीचं जे होतं ते समितीला जरा... तुम्हाला कळतंय ना सर, मी काय म्हणतोय?"

मला कळत होतं. आणि ते न कळल्यासारखं करून, एकेक शब्द त्याच्या तोंडून काढून घ्यावा, मुलाने उत्तर गिळलं की मी वर्गात करायचो तसं, असं मला फार वाटलं. मी नुसता मजकुरावर बोट फिरवत राहिलो. धड्याचं नाव मी 'आईचं दूध' ठेवलं होतं, ते 'आईची माया' झालं होतं. 'खार पिलांना पोटाशी घेऊन दूध पाजते' याच्या जागी 'खार पिलांची प्रेमाने काळजी घेते' असं आलं होतं. व्हेल गेला होता. वटवाघूळ गेलं होतं. हत्तीचं पिल्लू राहिलं होतं, पण ते आईच्या शेजारी नुसतं उभं होतं, बसची वाट बघत असल्यासारखं. काळजी घेते! पस्तीस वर्षं मी आठ वर्षांच्या मुलांना शिकवलं आणि माझ्या वर्गात एकच नियम होता, की सरांनी कुठलंही वाक्य सांगितलं की कुणीतरी 'कसं?' विचारायचं. कुणी विचारलं नाही तर मी पुढे जायचो नाही, खडू हातात घेऊन गप्प उभा राहायचो. पाठीमागे मला 'कसं-सर' म्हणायचे. खार काळजी घेते. कसं? प्रेमाने. प्रेमाने म्हणजे कसं? इथे या पानावर उत्तर संपत होतं. दात नसलेल्या, डोळे न उघडलेल्या जिवाच्या हातात अक्रोड देऊन संपत होतं. त्या पिलाला पहिला दात यायला तीनचार आठवडे जायचे असतात. कठीण कवच फोडता यायला त्याहून किती तरी जास्त. तोवर त्याचं सगळं जग म्हणजे एक ऊब आणि त्या उबेत नाकाने शोधलेलं एक आचळ. हे पान ज्या मुलाने वाचलं, ते उद्या घरट्यातून पडलेलं पिल्लू उचलून त्याच्या तोंडात दाणा कोंबेल. पुस्तकात आहे म्हणेल. आणि त्याचं बरोबरच असेल.

"समितीत किती माणसं?" मी विचारलं.

"नऊ."

"नऊच्या नऊ अक्रोड खाऊन वाढली का?"

तो हसला. खरंच हसला, आणि मग दाराकडे बघून हसणं आवरलं. "सर, माझं काय जातंय? मला धडा आवडला होता. पण पालकांची पत्रं येतात हो. मागे एका पुस्तकात उघडं बाळ होतं, नुसतं बाळ, टबात बसलेलं. चार महिने पत्रं आली. आता कुणी तो ताप घ्यायला तयार नाही."

खारीचं ते चित्र माझ्या बायकोने काढलं होतं. चित्रविभागाने ज्याच्यावर चुना फिरवला ते. ती आमच्याच शाळेत चित्रकला शिकवायची, मुलं तिला रंगबाई म्हणायची. गेल्या हिवाळ्यात आमच्या बाथरूमच्या झरोक्यात खारीने घर केलं. गादीतला कापूस, जुन्या पायपुसण्याचे धागे, माझ्या मफलरची एक अख्खी कड, सगळं तिने तोंडाने वाहून नेलं. बायकोने जाहीर केलं की आंघोळी सातच्या आत उरकायच्या, त्यानंतर बाथरूम खारीची. मग ती बादली पालथी घालून, तिच्यावर उशी ठेवून, वही मांडीवर घेऊन तिथे बसायची. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्याही न चढणारी बाई तीन आठवडे बादलीवर बसली. पहिले काही दिवस खार तिला बघून घरट्याच्या तोंडाशी येऊन शेपटी आपटायची. मग सोडून दिलं. मग एके दिवशी बायकोच्या देखत ती कुशीवर पडली, पाय वर उचलला, आणि ती तीन पिलं, तीन गुलाबी बोटं, एकमेकांना तुडवत तिच्या पोटाशी भिडली. बायको बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी चाळीस वर्षांच्या संसारात एकदोनदाच पाहिलं असेल. म्हणाली, "अहो, पुढच्या पायांनी दाबतात. कणीक मळल्यासारखं. आपली नाही का करायची?" मी म्हटलं, सगळेच करतात, मांजरीची पिलंही करतात, दाबलं की दूध उतरतं. ती म्हणाली, "मला शास्त्र सांगू नका. मी सांगते ते ऐका." आणि तिने काढलेलं चित्र मी बघितलं तर त्यात प्रत्येक पिलाची पाठ वेगळी होती. एक घाईचं, एक झोपाळू, एक दुसऱ्याच्या डोक्यावर पाय देणारं.

हे मुलांना सांगायला मला किती आवडायचं. सस्तन प्राण्यांचा आठवडा आला की मी आदल्या रविवारपासून खूश असायचो. हत्तीचं पिल्लू दूध कशाने पितं? सगळा वर्ग ओरडायचा, सोंडेने! मी म्हणायचो, चूक. सोंड वर करून, डोक्यावर घेऊन, तोंडाने. आणि आचळं कुठे? गाईसारखी मागे नाहीत, पुढच्या दोन पायांच्या मध्ये. मुलं उठून उभी राहायची, एक हत्ती व्हायचा, एक पिल्लू. व्हेलच्या पिलाला ओठ नसल्यासारखेच, समुद्रात चोखणार कसं? तर आई दुधाची धार त्याच्या तोंडात सोडते, आणि ते दूध इतकं दाट की पाण्यात विरघळून जात नाही. सशीण दिवसातून जेमतेम एकदा, काही मिनिटंच पिलांकडे जाते, वास काढत कुणी मागोमाग येऊ नये म्हणून. एका जातीची सील चारच दिवस पाजते, तेवढ्यात पिल्लू दुप्पट होतं. कांगारूच्या एका आचळात लहानग्याचं दूध आणि त्याच वेळी दुसऱ्यात थोरल्याचं, दोन्ही वेगळी. आणि प्लॅटिपसला आचळच नाही, दूध घामासारखं पोटावर येतं आणि पिलं केस चाटून पितात. इथे वर्गातून 'ईऽऽ' असा एकच आवाज निघायचा, आणि मी त्या 'ईऽऽ'ची वाट बघत असायचो, कारण त्याच्यामागून हमखास एक हात वर व्हायचा. सर, मग आपण? आपणही, मी म्हणायचो. तू, मी, हेडमास्तर, सगळे. वर्ग खदखदायचा. कुणीही लाजायचं नाही. लाज मुलांना मोठी माणसं देतात, हाताला धरून, गणवेशासारखी अंगावर चढवतात.

"सर, दुपारी चारला फर्मा छपाईला जातो," संपादक म्हणाला. त्याने एक कागद पुढे केला. 'मजकूर व चित्र पाहिले, मान्य आहे.' खाली दोन रेघा. लेखक. चित्रकार. "सोळा पानं एकदम छापतात, त्यामुळे तुमच्या एका पानासाठी बाकीची पंधरा अडतील. नाव तुमचंच राहणार, बाईंचंही राहणार. पुढच्या आवृत्तीत मी बघतो ना काहीतरी. आणि हे बघा, बाईंची सही तुम्हीच करून टाका. घरचंच तर आहे. त्यांना कशाला जिने चढायला लावायचे?"

आणि मी केली. आधी माझी, मग तिची, तिच्या नावातला वळणदार वेलांटीचा झोकसुद्धा काढला. का केली याची कारणं मला जिना उतरताना भराभर सुचत गेली: मुलगा चांगला आहे, पंधरा पानं अडतील, जिने, हत्ती तरी राहिला. हजेरीपटापासून निवृत्तीच्या अर्जापर्यंत जिथे रेघ दिसली तिथे सही करत आलेला हात माझा. बाहेर रस्ता खणलेला होता, खड्ड्यातला माणूस वरच्याला काहीतरी ओरडून सांगत होता, आणि मला समितीतल्या नऊ माणसांचा असा संताप आला की मी फुटपाथवर उभा राहून त्यांच्याशी मनात भांडायला लागलो. तुम्ही कोण? तुमच्या आयांना विचारलंत का? ज्या दुधावरून आपली सगळी जात सस्तन म्हणून ओळखली जाते, तेच तुम्हाला नको? भांडता भांडता माझ्या लक्षात आलं की समोरच्या नऊ खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर बसलेला माणूस माझ्याकडे बघत नाही, खाली बघतोय. त्याच्या अंगात माझा तो तपकिरी कोट आहे, कोपरावर ठिगळ लावलेला, मुलगी झाली त्या वर्षीचा.

मुलगी चार महिन्यांची होती. बायकोची रजा संपली होती. मधल्या सुट्टीत सांभाळणारी बाई मुलीला घेऊन शाळेच्या मागच्या फाटकातून यायची, आणि चित्रकलेच्या खोलीला लागून एक कोठी होती, काळे फळे आणि रंगांचे डबे ठेवायची, तिथे बायको तिला पाजायची. एक दिवस हेडमास्तरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवून, अगदी आपुलकीने. "शाळा आहे ही, सर. मोठी मुलं जातात येतात. बाईंना मी सांगणं बरं दिसत नाही. तुम्ही सांगा." तो सस्तन प्राण्यांचा आठवडा होता. त्याच दिवशी मी व्हेल शिकवला होता. संध्याकाळी मी घरी बायकोला म्हटलं, आता बाटलीवर घालू या, हल्ली पावडरीचे डबे चांगले मिळतात, त्यात सगळे घटक असतात. घटक! मी घटकांची नावंसुद्धा सांगितली. हेडमास्तरांचं नाव काढलं नाही, शास्त्र पुढे केलं. ती मुलीच्या टाळूवर तेल घालत होती. तिने वर न बघता म्हटलं, "बरं." तेवढंच. पुढे काही दिवस तिच्या ब्लाऊजवर दोन ओले डाग दिसायचे, ती पदर ओढून घ्यायची, मी वहीत डोकं घालायचो. मग दिसेनासे झाले. मी समजलो, आटलं.

घरी पोचलो तर ती जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ब्रश धुऊन वाळत घालत होती. मी पानाची प्रत तिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"हे कुणी केलं?"

"चित्रविभागाने."

"गाढवाला ब्रश धरता येत नाही," ती म्हणाली. "सावली उजवीकडे, आणि अक्रोड डावीकडून उजळलेत." मग चष्मा काढला. "तुम्ही काय म्हणालात?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, तिच्या सहीसकट. वेलांटीच्या झोकासकट. मग मी आणखी सांगत गेलो. रस्त्यात आठवलेलं, हेडमास्तरांचा खांद्यावरचा हात, घटक, सगळं. इतक्या वर्षांत मी हे तिला सांगितलं नव्हतं. म्हटलं, "मी तुला तेव्हा खोटं सांगितलं. शास्त्र वगैरे काही नव्हतं. मी घाबरलो होतो. तुला बंद करावं लागलं, ते माझ्यामुळे."

"कुणी बंद केलं?"

"म्हणजे?"

"दीड वर्षाची होईपर्यंत पाजली मी तिला," ती म्हणाली. एक ब्रश उचलून तिने त्याचं टोक ओठांनी सरळ केलं. "त्याच कोठीत. चौथीच्या मुली दारात उभ्या राहायच्या, पाळीपाळीने. कुणी आलं की सांगायच्या, बाई रंग कालवताहेत."

मी खुर्चीवर बसलो. मी त्या दाराशी गेलो होतो. एकदा नव्हे, कितीतरी वेळा. दोन वेण्यांची एक मुलगी दोन्ही हात दारावर पसरून मला म्हणाली होती, बाई रंग कालवताहेत, सर. आणि मी बरं म्हणून परत फिरलो होतो, शिस्त काय छान आहे हिच्या वर्गाची असं मनाशी म्हणत.

"चौथीच्या मुलींना माहीत होतं?"

"चौथीच्या. मग त्या पाचवीत गेल्या, तर पुढच्या चौथीच्या."

"आणि घरी? घरी कसं?"

"कसं-सर," ती म्हणाली, "तुम्ही वह्या तपासायला बसलात की शेजारून वरात गेली तरी तुम्हाला कळायचं नाही. बाटली तुम्ही द्यायचात, ती प्यायची बिचारी. तुमच्या समाधानासाठी."

मी लोकांना सांगत आलो होतो. आमची मुलगी चौथ्या महिन्यापासून बाटलीवर, बघा कशी दणकट झाली. लग्नकार्यात, शाळेत, मुलीच्या सासरी. ही शेजारी उभी राहून ऐकायची. मला राग आला. कुणाचा ते कळेना. वर्षभराहून जास्त मला माझ्याच घरात, माझ्याच विषयात, ढ म्हणून मागच्या बाकावर बसवून ठेवलं होतं, आणि नऊनऊ वर्षांच्या मुलींनी पाळी लावून. "मला सांगायचं होतंस," मी ओरडलोच. "मी नवरा होतो तुझा. मी काय हेडमास्तर होतो?"

"त्या दिवशी होतात," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. ती उठली, हात पुसले, कपाटातून बाहेर जायची चप्पल काढली. मी विचारलं, कुठे? म्हणाली, "किती वाजता जातं म्हणालात ते? चार ना? दोन वाजलेत. चित्र माझं आहे. माझी सही मला न विचारता कुणी केली, ते मी बघून येते."

जिने ती एकेक पायरी चढली, कठडा धरून. दुसऱ्या मजल्यावर थांबली. मी हात पुढे केला तो तिने घेतला नाही. संपादक आम्हाला बघून उभा राहिला, "अरे, बाई, तुम्ही कशाला..." म्हणाला, आणि खुर्ची ओढून दिली. ती बसली नाही. तिने तो कागद मागितला. गठ्ठ्यातून काढून त्याने दिला. तिने आपल्या नावावरून एक आडवी रेघ मारली, पट्टीने मारल्यासारखी सरळ, आणि पेन माझ्यापुढे न धरता टेबलावर ठेवलं. माझ्या सहीकडे तिने पाहिलंही नाही.

पेन उचलायला मला वेळ लागला. खोलीत पंखा होता, बाहेर कुणाचा तरी फोन वाजत होता. मला वाटलं होतं की हा क्षण रागाचा असेल, आणि रागाने तो सोपा होईल. तसं काही नव्हतं. मला तपकिरी कोटातला माणूस दिसत होता, आणि तो वाईट नव्हता. चांगला होता, सगळ्यांचं ऐकणारा. मी माझं नाव खोडलं. एकदा खोडून वाचता येत होतं, म्हणून पुन्हा खोडलं.

"सर, असं नका करू," संपादक म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "दोन्ही सह्या नाहीत म्हणजे धडा जाऊ शकत नाही. आणि आता दुसरा धडा आणू कुठून? दीड तास राहिलाय. ते पान कोरं जाईल. राज्यभर कोरं जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं.

"मुलं विचारतील, हे पान कोरं का?"

"विचारू देत. शिक्षकांना विचारतील, घरी आईला विचारतील. खोटं उत्तर छापण्यापेक्षा ते बरं. समितीतल्या नऊ जणांना सांगा, वर्गात जाऊन उत्तर द्या म्हणावं."

तो माझ्याकडून काही होणार नाही हे ओळखून हिच्याकडे वळला. "बाई, तुम्ही तरी सांगा यांना. आठ वर्षांची मुलं. कोऱ्या पानाचं करणार काय ती?"

ती दाराशी पोचली होती. कठडा धरायला हात मोकळा हवा म्हणून पिशवी खांद्याला अडकवत होती.

"आठ वर्षांची मुलं कोरं पान ठेवत नाहीत," ती म्हणाली. "चित्र काढतात. तुम्ही वर नाव तेवढं छापा, खार आणि तिची पिलं. बाकी त्यांना माहीत असतं."